गहू बंद करण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

लेकीचा टीटीजीचा, म्हणजे सीलिॲक या आजाराच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याचं कळलं. घाबरून आजच पोळी बंद करू नकोस. निदान पक्कं होईपर्यंत तिला नेहमीसारखंच जेवू दे. गहू आधीच थांबवला तर या तपासणीत बघतात त्या रक्तातल्या अँटिबॉडीज उतरतात, आतडं सावरू लागतं आणि एंडोस्कोपी, म्हणजे नळी घालून आतड्याची तपासणी, करूनही खात्रीचं काही सांगता येत नाही. ती लागेलच का, हे डॉक्टर ठरवतील. तुम्हा दोघांची आणि धाकट्याचीही रक्ततपासणी करून घ्या. सीलिॲक घराण्यात चालतो, आणि कित्येकांना काही त्रासही जाणवत नाही.

निदान झालं की मात्र गहू, जव आणि राय जन्मभरासाठी बंद. ‘मोठी झाली की सुटेल’ म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. या आजारात या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्न शोषून घेणारं अस्तर झिजतं. लोहाच्या गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वाढत नव्हतं ना, ते यामुळेच असू शकतं.

खायला काय द्यायचं याची चिंता करू नकोस. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा सगळं चालतं. घावन, आंबोळी, पोहे, उकडीचे मोदक आहेतच. महागड्या ग्लुटेनफ्री बिस्किटांच्या नादी फारसं लागू नये असं माझं मत.

घोडं अडतं ते गिरणीत. तुझी ज्वारी कितीही निवडलेली असो, तिच्याआधी त्याच जात्यावर कुणाचे तरी गहू दळलेले असतात. गिरणीवाला म्हणेल, ‘पहिलं मूठभर पीठ बाजूला काढतो.’ तेवढ्याने भागत नाही. आपल्याकडे पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे ग्लुटेन 20 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही इतकंच. तेव्हा जमेल तसे पैसे साठवून नवी घरघंटी घे आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधी टाकू नकोस. धान्यही नीट निवडून, धुऊन, वाळवून घे, कारण पोत्यातही गहू मिसळलेला असतो.

मग डबे तपास. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे साधं वरणही बाधू शकतं. थालिपिठाच्या भाजणीत गहू घालायची पद्धत आहे, ती घरीच वेगळी कर. दुधात घालायच्या पावडरींतलं माल्ट बहुधा जवाचं असतं. बाहेर भाकरी मागवलीस तर ती कशावर थापली ते विचार, काही ठिकाणी हाताखाली गव्हाचं पीठ घेतात. पुऱ्या तळलेल्या तेलात साबुदाणावडा तळायचा नाही. तिचा तवा, पोळपाट आणि लाटणं वेगळं ठेव, लाकडाच्या भेगांत पीठ राहतंच.

तुझ्या आईला समजावणं याहून अवघड जाईल. सत्यनारायणाच्या शिऱ्याचा ‘एवढासा प्रसाद’ ती नातीच्या हातावर ठेवेलच. वाद घालू नकोस. पुढच्या तपासणीला आईलाच डॉक्टरांकडे घेऊन जा आणि पूजेच्या दिवशी तांदळाच्या रव्याचा शिरा तिच्याच हातून करून घे. आजी एकदा आपल्या बाजूला आली की शेजारपाजारचं ती बघते.

शाळेत बाईंना आधीच सांगून ठेव. मधल्या सुट्टीतली डब्यांची देवाणघेवाण आणि वाढदिवसाचा केक तर आहेच, पण बालवर्गात खेळायला देतात तो मऊ रंगीत गोळाही बऱ्याचदा गव्हाच्या पिठाचा असतो आणि मुलं ती बोटं तोंडात घालतात. चोरून बिस्कीट खाल्लंन तर रागावू नकोस हं. रागावलास तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही, आणि पोट का दुखतंय ते शोधत तुम्ही डॉक्टरांच्या दारी बसाल. तिच्यादेखत ‘बिचारी’ म्हणणाऱ्यांना मात्र खुशाल रागाव.

भाकरी थापायला शिकायची असेल तर रविवारी ये. पीठ तुझ्या घरचं आण, परातही. माझ्या परातीत रोज कणीक मळते.

तुझी,
मावशी