पालक-शाळा सहभागावर रिसर्च करायचाय, सुरुवात कोणाच्या कामापासून करू?

जॉइस एपस्टाइनपासून सुरू करा, अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ, करिअरचा मोठा भाग याच एका विषयावर घालवलाय. एमएडला मी पालक सहभागच घेतला होता, तेव्हा जो पेपर उघडला त्यात यांचा संदर्भ असायचाच. त्यांचं म्हणणं साधंय, घर, शाळा आणि वस्ती ही तीन वर्तुळं एकमेकांवर चढलेली असतात आणि मूल मधोमध, म्हणून 'पालक येतच नाहीत' असं म्हणण्याआधी शाळेने काय केलं ते बघा. सहभागाचे सहा प्रकार त्यांनी मांडले:

- घरी मुलाचं संगोपन
- शाळा-घर संवाद, दोन्ही बाजूंनी
- शाळेत मदतीला येणं
- घरचा अभ्यास
- निर्णयात वाटा
- वस्तीशी सहकार्य

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं गृहपाठाचं काम, त्याचं नाव टिप्स (TIPS, Teachers Involve Parents in Schoolwork). यात पालकाने शिकवायचं नसतं, मूलच घरच्यांना काय शिकलो ते सांगतं, त्यांना प्रश्न विचारतं आणि खाली पालक लिहितात की पोराला कळलंय का, म्हणजे कमी शिकलेल्या आईलाही यात खरी जागा मिळते. 1990च्या दशकात त्यांनी शाळांचं अमेरिकाभर नेटवर्कही उभं केलं, म्हणजे काम नुसतं कागदावर राहिलं नाही. फक्त एक, ही मांडणी शाळेच्या बाजूने विचार करते, वंश, वर्ग, सत्ता यांचा प्रश्न त्यात कमी येतो अशी टीका आहे, तर हार्वर्ड विद्यापीठातल्या, घर-शाळा भागीदारीवरच काम करणाऱ्या कॅरन मॅप यांचं काम सोबत वाचाच.