वय ५६, वजन १०८ किलो, डावा गुडघा दुखतो: कोणती मोटारसायकल घ्यावी?

तुमची गरज मला समजली ती अशी: राहणं अंबाजोगाईत, उंची पाच फूट सहा इंच. रोज वावरात जाणं-येणं, त्यातली शेवटची तीन किलोमीटर पांदण. महिन्यातून दोन-तीनदा वहिनींना घेऊन लातूर नाहीतर बीड. सध्याची १०० सीसीची गाडी डबलसीट असली की गतिरोधकावर मागून आपटते. आणि जो भेटेल तो सांगतो, "तुमच्या अंगाला बुलेटच शोभते."

शोभतं काय ते बाजूला ठेवू. जड माणसाला जड गाडी लागते हा समज अर्धाच खरा. चालती गाडी तुमचं वजन वाहते, पण उभी गाडी तुम्हालाच वाहावी लागते आणि गुडघ्याचा प्रश्न तिथंच येतो. म्हणून इंजिन शेवटी बघा. आधी शॉकअप (दणके झेलणारी स्प्रिंग), बैठक आणि गाडीचं स्वतःचं वजन.

जुनी गाडी आपटते कारण तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त ओझं आहे. मालकाच्या पुस्तिकेत गाडीवर जास्तीत जास्त किती भार चालतो ते छापलेलं असतं. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना तो साधारण १३० ते १६० किलो असतो. तुमचे १०८, वहिनींचे ६०-६५ धरले आणि एक पिशवी, की १८० झालेच. शोरूममध्ये सीसी आणि मायलेज विचारायच्या आधी हा आकडा विचारा. सेल्समनला माहीत नसेल तर पुस्तिका उघडायला लावा.

टायरवरही भार लिहिलेला असतो, फक्त सांकेतिक आकड्यात. मापाच्या पुढे ५४पी किंवा ६२पी असं काही दिसेल. ५४ म्हणजे त्या टायरला २१२ किलो चालतात, ६२ म्हणजे २६५. यात गाडीचा मागच्या चाकावर येणारा भारही धरायचा. डबलसीट असताना दोघांच्या वजनाचा मोठा वाटा मागच्याच चाकावर येतो, त्यामुळे तुम्ही मागच्या टायरला ६०च्या खाली जाऊ नये असं माझं मत.

मागचा शॉकअप "कडक करून घ्या" असं मेकॅनिक सांगतो, तेव्हा तो खालची रिंग पान्यानं फिरवून स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवतो. त्यानं गाडी मागून उचलली जाते, पण स्प्रिंगचा मूळ ताठपणा तेवढाच राहतो. पुरेसं झालं का ते मोजता येतं. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी पाहिजे. मागच्या एक्सलपासून वर मडगार्डवर खूण करून टेपनं अंतर घ्या. मग स्टँड काढा, तुम्ही नेहमीसारखे बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर, कुणीतरी गाडी सरळ धरील. पुन्हा तेच अंतर मोजा. दोन्हींतला फरक मागच्या चाकाच्या एकूण चालीच्या, म्हणजे ते जास्तीत जास्त जेवढं वर-खाली होतं त्याच्या, पाव ते एक तृतीयांश असावा. चाल १०० मिलिमीटर असेल तर २५ ते ३३. रिंग शेवटच्या टप्प्यावर नेऊनही फरक ४५-५० येत असेल तर त्या गाडीची स्प्रिंग तुमच्यासाठी नाही. रिंग फिरवून काही होणार नाही, जाड तारेची स्प्रिंग नाहीतर दुसरी गाडी.

याच मापाचा दुसरा उपयोग बैठकीच्या उंचीसाठी. कंपनी छापते ती उंची रिकाम्या गाडीची. तुम्ही बसल्यावर ती दोन-तीन सेंटिमीटर खाली येते, म्हणून ८०० मिलिमीटर वाचून घाबरू नका. उलट ७८० असली तरी सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि टाच टेकत नाही. बूट घालून, बसून, दोन्ही टाचा टेकतात का एवढंच पाहा.

आता बैठक. गुडघेदुखीवाल्याला हमखास क्रूझर, म्हणजे बुटकी, पाय पुढे सोडून बसायची गाडी, सुचवतात. अव्हेंजर २२०ची सीट ७३७ मिलिमीटरवर, मिटिऑर ३५०ची ७६५वर, पाय पुढे सोडलेले. चढायला-उतरायला खरंच सोपं. पण पाय पुढे असले की खड्ड्यावर अंग उचलता येत नाही. पाय शरीराच्या खाली असतील तर माणूस नकळत फूटरेस्टवर जोर देऊन दोन बोटं वर होतो आणि दणका मांड्या घेतात. पाय पुढे असले की तोच दणका सरळ माकडहाडावर आणि कमरेच्या मणक्यावर. १०८ किलोला तो आणखी जोरात बसतो. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावर क्रूझर सुखाची. पांदणीत, मुरूम उखडलेल्या रस्त्यावर नाही. तुमचा रोजचा रस्ता दुसरा आहे, म्हणून मी क्रूझर काढून टाकतो.

उंच ॲडव्हेंचर गाड्याही काढतो. एक्सपल्स २०० ४व्हीची सीट ८२५, व्ही-स्ट्रॉम एसएक्सची ८३५. पांदणीला यांच्यासारखी गाडी नाही, पण डाव्या पायावर सगळं वजन देऊन उजवा पाय तेवढ्या उंचीवरून फिरवायचा, हे दुखऱ्या डाव्या गुडघ्यानं रोज चार वेळा होणार नाही.

उरतात त्या सरळ बैठकीच्या गाड्या. त्यात निवड करायला शोरूममध्ये दोन परीक्षा घ्या. पहिली: गाडीवर बसून नव्हे, बाजूला उभं राहून, कुणाची मदत न घेता ती तीन मीटर मागे ढकला आणि वळवा. मग आपल्या वाड्याचा उतार किंवा वावरातली ढेकळं डोळ्यांपुढे आणा. फरशीवर दम लागला तर तिथं जमणार नाही. दुसरी: डबल स्टँडवर लावा. हातांनी ओढून नाही. स्टँडच्या पायपट्टीवर उजवा पाय ठेवून पूर्ण वजन त्यावर सोडायचं, हातांनी फक्त तोल. इथं तुमचं वजन कामाला येतं. काही गाड्यांना डबल स्टँड मुळात नसतोच, तेही विचारून घ्या.

या परीक्षेत १९५ किलो जमले तर बुलेट ३५० घ्या. लोक सांगतात ती गाडी बरोबर, कारण मात्र वेगळं: तिची सीट एकसंध, लांब आणि सपाट आहे. क्लासिक ३५०चं इंजिन तेच, वजनही १९५, पण मागची गादी वेगळी आणि आखूड. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईला त्यावर तासभर अवघडल्यासारखं होतं. इंजिन ३४९ सीसी, ताकद २०.२ बीएचपी, पण कामाची गोष्ट म्हणजे २७ न्यूटनमीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) इंजिनच्या मिनिटाला ४००० फेऱ्यांनाच मिळतो, त्यामुळे मांजरसुंब्याच्या घाटात दोघं असताना सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. दोष एक, आणि आपल्या भागात तो मोठा: आऱ्यांची चाकं, ट्यूबचे टायर. बांधावरच्या बाभळीचा काटा ट्यूब लगेच बसवतो. ट्यूबलेसमध्ये तोच काटा रुतून राहतो आणि हवा हळू उतरते, घरापर्यंत येता येतं. मे महिन्याच्या उन्हात १९५ किलो ढकलण्यापेक्षा क्लासिकचं अलॉय चाकांचं मॉडेल घेऊन मागची गादी बदलून घेणं मला जास्त पटतं.

१९५ जमले नाहीत तर टीव्हीएस रोनिन बघा. १६० किलोच्या आसपास, सीट ७९५, क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा) १८१ मिलिमीटर, ट्यूबलेस टायर, मागच्या शॉकअपला सात टप्पे. टॉर्क जवळपास २० न्यूटनमीटर, तुमच्या वापराला पुरे. वहिनी क्वचितच सोबत असतील तर होंडा युनिकॉर्न: १४० किलो, १८७ मिलिमीटर क्लिअरन्स, डबल स्टँड. दिसायला कुणी वळून बघणार नाही, पण गुडघा दुवा देईल. डबलसीटसाठी तिचा भाराचा आकडा मात्र आधी तपासा. ३५० सीसीच्या वर जाण्यात मला अर्थ दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५०पर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर ४० झाला आहे. मोठी गाडी समृद्धी महामार्गावर पळवू म्हणाल तर तिथं दुचाकीला प्रवेश नाही.

चाचणी घेताना वहिनींना सोबत न्याच. वीस मिनिटं, खराब रस्ता, दोन-चार गतिरोधक. त्या एका बाजूला बसणार असतील तर गाडी डावीकडे ओढते, तुम्ही नकळत उजवीकडे झुकता आणि कंबर त्यानं धरते. फूटरेस्टची पट्टी रुंद आणि साडी-गार्डला पक्की हवी. मागच्याला धरायला हँडल आणि मागचं चाक किमान निम्मं झाकणारं गार्ड कायद्यानंच आवश्यक आहे, डीलरनं त्याचे वेगळे पैसे मागू नयेत.

सीटच्या मऊपणावर भुलू नका. गुडघा सीटवर टेकून सगळं वजन द्या. खालची प्लास्टिकची पाटी लागली तर तो फोम तुमच्यासाठी नाही, अर्ध्या तासात बधिर व्हाल. कुशनवाल्याकडून मधला फोम कापून तेवढ्याच जाडीचा रिबॉन्डेड फोम (तुकडे दाबून केलेला घट्ट फोम) बसवून घ्या. वर जेलची गादी टाकली तर उंची वाढते आणि उन्हात ती तापते. हँडल दूर वाटलं तर २०-२५ मिलिमीटरचे रायझर (हँडल वर उचलणारे ठोकळे) लावता येतात. लावल्यावर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. फेऱ्या वाढल्या तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे, तशी गाडी चालवू नका.

मागे उंच डबा किंवा पाठटेकू लावू नका, पाय वीतभर जास्त उचलावा लागतो. सामानाला उजव्या बाजूची पिशवी बरी. आणि साइड स्टँडवर गाडी असताना डाव्या फूटरेस्टवर उभं राहून घोड्यासारखं चढू नका, १०८ किलोनं स्टँडचं वेल्डिंग सुटू शकतं. पुढचा ब्रेक दाबून धरा, गाडी थोडी अंगाकडे झुकवा आणि पाय सीटवरून सरपटत न्या.

गाडी घरी आली की तीन गोष्टी. हवा: तक्त्यातला एकट्याचा आकडा साधारण ७५ किलोच्या माणसाचा असतो, तुम्ही एकटे असतानाही मागच्या चाकात डबलसीटचाच आकडा ठेवा. सकाळी थंड टायरवर भरा. दुपारी धावल्यावर चार-पाच पीएसआय वाढलेले दिसतील, ते काढू नका. चेन: रिकाम्या गाडीवर ताणून बसवली तर तुम्ही बसल्यावर आणखी ताणते, दातेरी चक्री आणि बेअरिंग खाते. तुम्हाला बसवून ढील तपासायला लावा. हेडलाइट: मागून गाडी दबली की झोत वर जातो आणि समोरचे डिपर मारत राहतात. रात्री दोघं बसून भिंतीवर झोत पाहा, स्क्रू फिरवून खाली आणा.

पावसाळ्यात काळ्या रानात मात्र यातली कुठलीच गाडी नेऊ नका. चिखल पुढच्या मडगार्डमध्ये भरून चाक जाम होतं. पांदणीच्या तोंडाशीच लावा आणि साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, नाहीतर परत येईपर्यंत स्टँड रुतून गाडी आडवी झालेली असेल.