आंबा घाट उतरण्यापूर्वी

जोडून आलेल्या सुट्टीत तुम्ही पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत कोल्हापुराहून आंबा घाटाने रत्नागिरीला निघणार आहात, तेव्हा सर्वात आधी टायर पाहा, असे मी आग्रहाने सांगेन. हवा टायर थंड असतानाच तपासावी, कारण गाडी धावल्यावर दाब वाढलेला दिसतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर टायर बदलल्याशिवाय निघूच नये. स्टेपनीतही हवा भरून घ्या. एकदा भर पावसात साखरप्याजवळ डिकीतले सगळे सामान रस्त्याकडेला उतरवल्यावर माझी स्टेपनीच बसलेली निघाली होती.

घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय राहिला, तर ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. म्हणून जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, तो उतारही त्याच गिअरमध्ये उतरावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्या. धुके दाटल्यास दिवे लो बीमवर ठेवा. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्या, आणि मागे बसलेल्यांनीही पट्टा लावल्याखेरीज गाडी सुरू करू नका. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही आपत्कालीन प्रसंगी ११२ हे क्रमांक सर्वांना माहीत असू द्या.