स्कॉटलंडमधील गेलिक स्थलनावांचा अर्थ कसा लावावा?

हायलंड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात, फिरायला जाण्यापूर्वी तेथील गावांची व डोंगरांची गेलिक, म्हणजे तिथल्या जुन्या केल्टिक भाषेतील, नावे कशी समजून घ्यावीत, असे आपण विचारले आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून अर्थ काढणे आधी सोडून द्यावे. नाव स्थानिकांच्या तोंडून ऐकावे आणि मग समोरची जमीन पाहावी.

हे इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण किंग्यूसी हे गाव आहे. मी इन्व्हरनेसला नोकरीत असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्याने चारचौघांत ठासून सांगितले की, या नावातला ‘किंग’ म्हणजे कोणी राजा असून स्थानकावरील गेलिक नाव पर्यटकांसाठी अलीकडे जुळवलेले आहे. मी हरकत घेतली, तेव्हा बाहेरून आलेल्यांनी आमच्या गावांची नावे आम्हाला शिकवू नयेत, असे ऐकावे लागले. ते मला फार लागले. मुद्द्याला उत्तर सुचले नाही की समोरच्याचे मूळ गाव काढायचे, ही रीत मला कोठेही मान्य नाही. गेलिकमध्ये ‘क्यान’ म्हणजे टोक आणि ‘ग्यूसाच’ म्हणजे पाइनचे रान. नावाचा अर्थ एवढाच. जोडताना दुसऱ्या शब्दातला ‘ग’ मवाळ होऊन ‘य’सारखा ऐकू येतो, म्हणून तेथील माणसे ‘किन्‌यूसी’ म्हणतात आणि जोर ‘यू’वर देतात. अशा नावांत सामान्य शब्द आधी व विशेष शब्द नंतर येतो आणि जोर त्या दुसऱ्यावर पडतो, जसा इन्व्हरनेसमध्ये ‘नेस’वर. राजाचे नाव असते, तर जोर ‘किंग’वर पडला असता.

याच गावाजवळ स्पे नदीच्या एका अंगाला ‘मोना लिया’, म्हणजे करडे डोंगर, आणि दुसऱ्या अंगाला ‘मोना रुआ’, म्हणजे तांबूस डोंगर आहेत. ग्रॅनाइटच्या त्या तांबूस रांगेला इंग्रजीत केर्नगॉर्म्स म्हणतात, आणि ते नाव ज्या एका शिखरावरून आले त्यातील ‘गॉर्म’चा अर्थ मात्र निळा! म्हणून रंगांचे शब्द आधी शिकावेत. त्यानंतर ‘इन्व्हर’, म्हणजे नदीचे मुख, आणि ‘डन’, म्हणजे गढी. नकाशावरील स्पेलिंगचा फार धाक बाळगू नये. एकोणिसाव्या शतकात ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा खात्याच्या मोजणीदारांनी ती जमीनदार, धर्मोपदेशक व शाळामास्तर यांना विचारून ठरवली, आणि गुरे राखणाऱ्यांच्या तोंडचा उच्चार त्यांत पुष्कळदा हरवला.

अर्थात तिथले प्रत्येक नाव गेलिक नाही. ॲबर्डीनमधील ‘ॲबर’ आणि पिटलॉक्रीमधील ‘पिट’ हे पिक्ट, म्हणजे तिथल्या प्राचीन रहिवासी लोकांचे शब्द आहेत, तर लुइस बेटावरील ‘बॉस्ट’ने संपणारी गावे नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी वसवली. त्या सहकाऱ्याने यांपैकी एखादे नाव पुढे केले असते, तर मी आनंदाने ऐकून घेतले असते. किंग्यूसीबद्दल मात्र कोणी आपल्याला राजाची गोष्ट सांगू लागले, तर त्यांना ते नाव एकदा मोठ्याने उच्चारायला सांगावे.