नव्या मेडिकल ऑफिसरला
ओपीडीत एखादी आजी तिसऱ्यांदा 'अंग दुखतंय, झोप नाही, जेवण जात नाही' म्हणत आली, तर लगेच पेनकिलर लिहू नकोस. यामागे डिप्रेशन (नैराश्य) असू शकतं; म्हातारी माणसं 'मी उदास आहे' असं सहसा म्हणत नाहीत. सुनेला जरा बाहेर बसव आणि विचार: गेल्या 2 आठवड्यांत मन उदास असतं का? भजनात, नातवंडांत पूर्वीसारखं रमतं का? उत्तराची वाट बघ, घाई नको. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचार. विचारल्याने ते वाढत नाहीत. थायरॉईड, बी-12 तपास. अमिट्रिप्टिलीन ही डिप्रेशनची जुनी गोळी या वयात मी टाळतोच, तोल जाऊन पडतात. डिप्रेशनची कुठलीही गोळी सुरू केलीस तरी गुण यायला काही आठवडे लागतात, हे घरच्यांना नीट सांग, नाहीतर चार दिवसांत बंद करतात. अडलं तर टेली-मानस, ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.