व्यवसायोपचारात संशोधनाची सुरुवात करताना

कमलाबाई निंबकरांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार) प्रशिक्षण सुरू केले आणि 1952 साली व्यवसायोपचारकांच्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचाही समावेश झाला, हे तुम्ही पदवीच्या वर्गात शिकलाच असाल. अशा धुरिणांच्या तसबिरीला हार घालणे योग्यच आहे; पण त्यांनी सुरू केलेले काम आपल्या रुग्णांवर पुन्हा पारखून पाहणे, हा मला त्याहून मोठा मान वाटतो.

विषय शोधायला दूर जाऊ नका. 1969 च्या जेबसन-टेलर चाचणीत हाताचे कार्य मोजताना चमच्याने राजम्याचे दाणे उचलायचे असतात. आपल्याकडे मात्र अर्धांगवायूतून सावरणारी एखादी आजी भाकरीचा तुकडा मोडते, तो आमटीत बुडवते आणि अंगठा व बोटांच्या चिमटीत धरून तोंडाशी नेते. ही हालचाल त्या चमच्यात मोजली जाते का? असा एक प्रश्न पदव्युत्तर प्रबंधाला पुरेसा आहे.

माहिती गोळा करण्यापूर्वी नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची मराठीतून समजावून घेतलेली लेखी संमती हवीच. नोंदी त्याच दिवशी, तारखेसह लिहा; माझ्या पहिल्या अभ्यासातील काही नोंदी मी आठवड्याने आठवून लिहिल्या होत्या आणि त्या सर्व मला वगळाव्या लागल्या. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावाच्या वजनापेक्षा, ते तुमचा कच्चा मसुदा ओळीओळीने वाचतात का, हे त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना विचारून घ्या.