वाचकांचे प्रश्न : फेल रनिंगसाठी हलके वॉटरप्रूफ कपडे

ब्रिटनमधल्या लेक डिस्ट्रिक्ट, पेनाइन आणि स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरांवर धावणाऱ्या, म्हणजेच फेल रनिंग करणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी बहुतेक एकाच वस्तूबद्दल आहेत: कमरेच्या पाउचमध्ये मावेल इतकं हलकं, तरीही खरोखर पाऊस अडवणारं जॅकेट. निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

माझ्या जॅकेटच्या लेबलवर ‘२०,००० मिमी / २०,००० ग्रॅम’ छापलंय. तरी तासाभराच्या चढानंतर आतला शर्ट पिळून काढण्याइतका ओला होतो. जॅकेट गळतंय का?

बहुधा नाही, तो घाम आहे. खात्री करायची तर आत राखाडी सुती टी-शर्ट घालून, जॅकेट पूर्ण बंद करून दहा मिनिटं शॉवरखाली स्वस्थ उभे राहा. गळत असेल तर गडद डाग नेमके कुठे पडले ते दिसतं. बहुतेकदा ते गळ्यापाशी, चेनीखाली किंवा मनगटात असतात.

आता आकडे. पहिला आकडा पाणी अडवण्याचा: कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केल्यावर ते झिरपू लागतं, ते मिलिमीटरमध्ये. धावण्यासाठी १०,००० पुरतात. त्यापुढचा फरक जाणवलाच तर पाठपिशवीचा पट्टा खांद्यावर दाबतो तिथे जाणवतो.

दुसरा आकडा एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम बाष्प बाहेर पडतं त्याचा. २०,००० ला २४ ने भागा: तासाला सुमारे ८३० ग्रॅम. नेटाने चढ धावणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो, म्हणजे कागदावरच हिशेब काठावर आहे. त्यातून हा आकडा प्रयोगशाळेतला. बाष्प बाहेर जातं ते आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. ढगात शिरलेल्या कड्यावर बाहेरची हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते, आणि वरचं कापड भिजून त्यावर पाण्याचा पातळ थर बसला की उरलेली वाटही जवळपास बंद होते.

हा ग्रॅमचा आकडा मोजायच्या पद्धती अनेक आहेत आणि एकाच कापडाला त्या फार वेगवेगळी उत्तरं देतात. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. ‘आरईटी’ दिला असेल तर तो पाहा. हा बाष्पाला होणारा अडथळा आहे, त्यामुळे जितका कमी तितका चांगला. ६ च्या खाली उत्तम, १३ पर्यंत चालण्यासारखा. आल्प्समधल्या यूटीएमबी शर्यतीच्या सामानाच्या यादीतही १०,००० मिमी आणि १३ पेक्षा कमी आरईटी अशीच शिफारस असते.

आमचं मत स्पष्ट आहे. धावताना आतून ओलं होणं कुठलंही कापड टाळू शकत नाही. जॅकेटचं खरं काम म्हणजे वारा आणि थंड पाणी अंगापासून दूर ठेवणं, म्हणजे आतला ओलावा तरी कोमट राहतो. घाम कमी करायचा तर कापडापेक्षा चेन जास्त कामाची: चढावर गळ्याची चेन वीतभर खाली, मनगटं सैल, हूड मागे. आत सुती काही नको. अंगाला चिकटून बसणारा पातळ सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा थर हवा.

९० ग्रॅमचं घ्यावं, १६० चं की २५० चं? हलकं म्हणजे नाजूक, हे कितपत खरं?

बऱ्याच अंशी खरं. कापडाच्या वर्णनात ७, १०, २० असे ‘डेनियर’ दिलेले असतात. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. ७ डेनियरचं कापड हातात घेतलं तर पलीकडची बोटं दिसतात. ते खडकावर घासलं की फाटतं, आणि रोज पाठपिशवीखाली वापरलं तर खांद्यावर आधी झिजतं.

थरांकडेही पाहा. अडीच थरांच्या कापडात पाणी अडवणारा पडदा आतून उघडा असतो आणि त्यावर नुसती नक्षी छापलेली असते. असं कापड हलकं आणि स्वस्त, पण उघड्या दंडाला ओल्या प्लॅस्टिकसारखं चिकटतं. तीन थरांच्या कापडात आतून बारीक जाळीचं अस्तर असतं. त्यात घाम पसरतो, अंगाला गार लागत नाही आणि पडदाही जास्त टिकतो.

साधारण १०० ग्रॅमचं जॅकेट उन्हाळ्यातल्या शर्यतीत बहुतांश वेळ पाउचमध्येच राहणार असेल तर योग्य. वर्षभर सरावाला एकच घ्यायचं असेल तर १५० ते २०० ग्रॅमचं, तीन थरांचं घ्या. हिवाळ्यात, किंवा रात्रभर चालणाऱ्या लांब पल्ल्याला, २५० ग्रॅमबद्दल कुरकुर करू नका. अर्धी चेन वजन वाचवते, पण डोक्यावरून काढावं लागतं आणि हवा खेळत नाही. आम्ही पूर्ण चेनीच्या बाजूचे आहोत.

वजनाआधी हूड तपासा. हूड घालून, दोरी आवळून डावीकडे-उजवीकडे पाहा. मान वळली आणि हूड जागेवरच राहिलं, तर उतारावर एका डोळ्यासमोर कापड येणार. पुढच्या काठाला थोडा ताठपणा हवा, नाहीतर समोरच्या वाऱ्यात तो डोळ्यांवर फडफडतो. आणि माप घेताना आत एक उबदार थर मावतो ना, ते घालूनच पाहा.

शर्यतीआधीच्या तपासणीत नेमकं काय पाहतात? वॉटरप्रूफ पँट कधीच घालत नाही, मग सगळ्यात स्वस्त घेतली तर?

फेल रनर्स असोसिएशन या डोंगरधावकांच्या संघटनेच्या नियमांत पूर्ण अंग झाकणारे वॉटरप्रूफ कपडे म्हणजे जॅकेट आणि पँट दोन्ही. शिवणींना आतून टेप हवी आणि हूड जॅकेटलाच जोडलेलं हवं. तपासणारे कपडा उलटा करून शिवण पाहतात. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं पातळ वाऱ्याचं जॅकेट तिथे चालत नाही. शर्यतीनुसार यादी बदलते, त्यामुळे त्या दिवशी आयोजक सांगतील ते अंतिम.

पँट धावताना फारशी लागत नाही, हे खरं. ती लागते पाय मुरगळून तुम्ही थांबता तेव्हा. लेक डिस्ट्रिक्टमधल्या ९७८ मीटरच्या स्काफेल पाइक डोंगराच्या माथ्यावर दरीपेक्षा साधारण ५-६ अंश थंड असतं, वर वारा. धावण्याने तयार होणारी उष्णता थांबली की ओल्या शॉर्ट्समधला माणूस फार लवकर गारठतो. गारठलेली बोटं चेन धरू शकत नाहीत, आणि मग पिशवीत असलेली पँटही निरुपयोगी ठरते.

म्हणून पँटची परीक्षा घरी घ्या: चिखलाचे बूट पायात, हातात मोजे, कुठेही न टेकता एका पायावर उभं राहून ती चढवता येते का? घोट्याशी लांब चेन असेल तर जमतं. नसेल तर बुटावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय घाला, सरकन जातो. ही परीक्षा पास होणारी स्वस्त पँट खुशाल घ्या.

जॅकेटही माथ्यावर पोहोचून नव्हे, त्याआधी आडोशाला घाला. पिशवीत ते सगळ्यात वर ठेवा. वाऱ्याकडे पाठ करून आधी दोन्ही हात, मग चेन, शेवटी हूड.

नवीन असताना थेंब घरंगळून जायचे. आता कापड गडद होऊन जड पडतं. फेकून द्यायचं का?

नाही, धुवा. बाहेरच्या कापडावर पाणी झटकणारा लेप असतो. मळ, घामाचा तेलकटपणा आणि साबणाचा अंश त्यावर बसला की तो काम करेनासा होतो. हल्लीचे फ्लोरीनमुक्त लेप पाणी झटकतात, पण तेलापुढे तितकेसे टिकत नाहीत, त्यामुळे ते अधिक वेळा धुवावे लागतात.

मशीनचा साबणाचा कप्पा आधी स्वच्छ पुसा. सगळ्या चेनी लावा. वॉटरप्रूफ कपड्यांसाठी मिळणारा द्रव साबण वापरून ३० अंशांवर धुवा आणि दोनदा खळबळा. फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नको. लेबलवर परवानगी असेल तर वाळल्यावर ड्रायरमध्ये मंद आचेवर २० मिनिटं फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. ड्रायर नसेल तर वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री. एवढ्याने थेंब उभे राहिले नाहीत तरच नवा लेप द्या, आणि तोही बाहेरून फवारायचा. मशीनमध्ये घालायचा लेप आतल्या अस्तरालाही लागतो आणि मग अस्तर घाम पसरवत नाही.

मात्र आत फुगे आले असतील किंवा खांद्यापाशी पांढरे पापुद्रे सुटत असतील तर पडदा सुटला आहे. त्याला इलाज नाही. ओलं जॅकेट घडी करून दिवसचे दिवस पिशवीत ठेवलं की ही वेळ लवकर येते.

काटेरी तारेने बाहीला बोटभर चीर पडली. शिवू का?

सुई लावू नका, प्रत्येक टाक्याला नवं भोक पडतं. चिरेभोवती स्पिरिटने पुसा, वाळू द्या, कडा जुळवा आणि दुरुस्तीची चिकटपट्टी चारही बाजूंनी किमान एक सेंटिमीटर जास्त कापून लावा. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे आधी उचकटतात. पट्टीवर काही जड ठेवून रात्रभर राहू द्या.